विश्लेषण : फोनमधला ‘कचरा’ नेमका कोण उचलतो? ‘लिस्प’च्या जुन्या दोषावर पवईत काय काम झालं?

फोन घेऊन दोन-तीन वर्षं झाली की तक्रार ठरलेली असते, ‘हँग होतोय’. दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, ‘रॅम भरली’. पण रॅममध्ये नेमकं काय भरतं आणि भरलेलं रिकामं कोण करतं, हे सहसा कोणी सांगत नाही. रिकामं करणारी यंत्रणा प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असते. तिचं नाव ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे सरळ भाषेत कचरा उचलणं. ही कल्पना १९५९ च्या सुमारास ‘लिस्प’ या संगणकीय भाषेसाठी पुढे आली. तिच्यात एक दोष मात्र सुरुवातीपासून राहून गेला. हा दोष किती मोठा आहे, हे लिस्पच्याच एका बोलीवर मोजून बघण्याचं आणि पुढे त्यावर उपाय शोधण्याचं काम आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केलं. नांदेड-लातूरच्या ज्या मुलांना ‘कंपायलर’ हा विषय फक्त पेपरपुरता माहीत आहे, त्यांच्यासाठी हे प्रकरण मुद्दाम समजून घेण्यासारखं आहे.

पावती आहे, पण माल न्यायला कोणी येणार का?

लातूरच्या आडत बाजारातलं एक गोदाम डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची, तुरीची पोती थप्पी लावून ठेवली आहेत. प्रत्येक पोत्याची पावती मुनीमजींच्या कपाटात आहे. जागा संपत आली की हमालांना सांगितलं जातं, ज्या पोत्यांची पावती कपाटात सापडत नाही, ती बाहेर काढा. नियम सोपा आहे आणि सुरक्षितही. पावती असलेलं पोतं कधीच चुकून बाहेर जाणार नाही.

अडचण दुसरीकडे आहे. समजा एखाद्या पोत्याची पावती कपाटात आहे, पण त्याचा व्यवहार चार महिन्यांपूर्वीच मिटलाय. ते पोतं न्यायला आता कोणीही येणार नाही. तरी पावती आहे म्हणून हमाल हात लावत नाहीत आणि जागा अडकून राहते.

संगणकाच्या मेमरीत हेच घडतं. प्रोग्रॅम चालताना माहितीचे तुकडे तयार होतात. जिथपर्यंत एखाद्या नावावरून, एका पावतीवरून दुसऱ्या पावतीवर जात पोहोचता येतं, तो प्रत्येक तुकडा ‘कामाचा’ धरला जातो. पोहोचता येत नाही तो कचरा. पण ‘पोहोचता येतं’ आणि ‘पुढे वापरलं जाणार आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष आहे तो या दोहोंमधल्या फरकात.

लिस्प कुठून आली?

जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं. एप्रिल १९६० मध्ये त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध छापून आला. लिस्पमध्ये जवळपास सगळं काही याद्यांच्या रूपात लिहिलं जातं, स्वतः प्रोग्रॅमसुद्धा. यादीतल्या प्रत्येक घराचे दोन भाग असतात. एका भागात मजकूर असतो, दुसऱ्यात पुढच्या घराचा पत्ता. या दोन भागांची नावं ‘कार’ आणि ‘कुडर’. ती आली त्या वेळच्या आयबीएम ७०४ या यंत्रातल्या शब्दरचनेवरून, आणि साठ-पासष्ट वर्षांनंतरही टिकून आहेत.

कचरा उचलण्याची कल्पना निघाली तीही या यंत्राच्या तोकडेपणातून. आयबीएम ७०४ च्या एका शब्दात ३६ बिट मावायचे. दोन पत्त्यांना प्रत्येकी १५ लागायचे. उरायचे फक्त ६, तेही एका जागी नाही. प्रत्येक तुकड्याला किती जणांनी धरून ठेवलंय याची मोजणी तिथे लिहून ठेवणं मॅकार्थींना जमण्यासारखं वाटलं नाही. मग त्यांनी ठरवलं, मोजत बसायचंच नाही. मेमरी संपेपर्यंत वापरत जायचं आणि संपली की एकदाच सगळं गोदाम तपासायचं. त्या काळी या तपासणीला काही सेकंद लागायचे.

याची जाहीर फजितीही झाली होती. एमआयटीमध्ये उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक सुरू होतं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून पाहुणे क्लोज्ड सर्किट टीव्हीवर ते बघत होते. अचानक टाइपरायटरसारखं छपाईयंत्र आपणहून खडखडू लागलं. कचरा उचलणारी यंत्रणा सुरू झाली आहे आणि त्याची आकडेवारी पुढीलप्रमाणे, असा लांबलचक संदेश ते सेकंदाला दहा अक्षरं या गतीनं छापत बसलं. कार्यक्रमाचा उरलेला वेळ त्यातच गेला. वक्ते आणि श्रोते दोघांनाही हसू आवरेना. कोणीतरी खोडी केली, असं काही पाहुण्यांना वाटल्याचं मॅकार्थींनी पुढे नोंदवून ठेवलंय.

कंपायलर आणि रनटाइम, फरक काय?

पुढचं समजण्यासाठी हे दोन शब्द लागतील. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम. तो काम आधी करतो. रनटाइम म्हणजे प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू असताना मागे राबणारी यंत्रणा. कचरा उचलणं हे रनटाइमचं काम.

गोदामाच्या भाषेत, दिवसभरात कोणते सौदे होणार आहेत याची वही सकाळीच वाचून ठेवणारा मुनीम म्हणजे कंपायलर. जागा संपल्यावर धावणारे हमाल म्हणजे रनटाइम. आतापर्यंतच्या व्यवस्थेत एकच गडबड होती. मुनीमानं वही वाचलेली असायची, पण त्यातलं हमालांना काही सांगायचा नाही.

पवईत नेमकं काय झालं?

आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातले प्रा. अमिताभ सन्याल आणि प्रा. उदय खेडकर ही कंपायलर संशोधनातली जाणकारांना परिचित नावं. जीसीसी या मुक्त कंपायलरवर देशभरातल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेणारं केंद्र खेडकरांच्या पुढाकारातून तिथे चाललं. या दोघांबरोबर पीएचडीचं काम करणारे अमेय करकरे, जे पुढे आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक झाले, यांनी २००६ मध्ये ‘एमआयटी/जीएनयू स्कीम’ या व्यवस्थेतलं कचरासंकलन किती परिणामकारक आहे, हे तपासलं. स्कीम ही लिस्पचीच बोली, १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी एमआयटीतच बनवलेली.

पद्धत साधी होती, पण चिकाटीची. व्यवस्थेत बदल करून प्रोग्रॅम चालताना कोणता तुकडा कधी तयार झाला, शेवटचा कधी वापरला गेला आणि कधी उचलला गेला, याची नोंद ठेवायची. नंतर नोंदी तपासायच्या. निष्कर्ष निघाला की पुन्हा कधीच वापरले जाणार नाहीत असे तुकडे मोठ्या संख्येनं गोदामात पडून राहतात, आणि कचरा उचलणारी यंत्रणा त्यांच्याकडे बघतही नाही.

या रेंगाळण्याला आधीपासून नाव होतं. यॉर्क विद्यापीठातल्या निकलास रोयेमो आणि कॉलिन रन्सिमन यांनी १९९६ मध्ये हॅस्केल भाषेसाठी तुकड्याच्या आयुष्याचे टप्पे पाडले होते. तयार झाल्यापासून पहिल्या वापरापर्यंतचा काळ वेगळा आणि शेवटच्या वापरापासून उचलेपर्यंतचा वेगळा. या दुसऱ्या टप्प्याला त्यांनी ‘ड्रॅग’ म्हटलं. काही तुकडे तर असे निघतात की ते तयार होतात, जागा अडवतात आणि एकदाही न वापरता जातात.

दोष मोजला. आता दुरुस्ती?

इथे मुनीमाची वही कामाला येते. प्रोग्रॅमचा मजकूर कंपायलरसमोर असतोच. तो आधीच वाचून कंपायलरनं सांगायचं, या टप्प्यानंतर अमुक माहिती लागणार नाही.

एक उदाहरण घेऊ. हजार शेतकऱ्यांची यादी आहे. प्रत्येक नोंदीत नाव, गाव, माल, वजन, भाव. प्रोग्रॅमचं शेवटचं काम आहे फक्त यादीत किती शेतकरी आहेत ते मोजायचं. मोजणी करताना ‘पुढचं घर, पुढचं घर’ असं जात राहायचं, नोंद उघडून बघायची गरजच नाही. म्हणजे यादीचा सांगाडा जिवंत आहे आणि आतली सगळी नोंद मेलेली. पण नेहमीची यंत्रणा सांगाड्यावरून नोंदींपर्यंत पोहोचता येतं म्हणून हजारच्या हजार नोंदी सांभाळत बसते.

करकरे, सन्याल आणि खेडकर यांनी यावर दोन वाटांनी काम केलं. पहिली वाट म्हणजे पावतीच फाडून टाकायची. शेवटच्या वापरानंतर कंपायलरनं तिथे ‘रिकामं’ असं लिहून द्यायचं, म्हणजे हमालांचा जुना नियमच पुरतो. या प्रकारचं विश्लेषण त्यांनी २००७ मध्ये जावासारख्या भाषांसाठी मांडलं. दुसरी वाट अधिक धीट. तिच्यात हमालांनाच नकाशा देऊन टाकायचा. राहुल असाटी, सन्याल, करकरे आणि केंब्रिज विद्यापीठाचे ॲलन मायक्रॉफ्ट यांचा हा शोधनिबंध २०१४ मध्ये ग्रनोबल इथल्या कंपायलर परिषदेत आला.

नकाशा कसला? लिस्पच्या घराचे दोनच भाग असल्यामुळे कुठल्याही तुकड्यापर्यंतचा रस्ता ‘मजकुरात जा’ किंवा ‘पुढे जा’ अशा दोनच खुणांनी लिहिता येतो. कंपायलर प्रत्येक फंक्शन वाचून ठरवतो की यातले कोणते रस्ते पुढे वापरले जाणार आहेत. यादी कितीही लांब असू शकते, त्यामुळे रस्तेही अगणित. ते एकेक करून लिहिता येत नाहीत. म्हणून त्यांचं आधी व्याकरण बनवलं जातं आणि मग त्यातून एक मर्यादित यंत्र, अभियांत्रिकीच्या मुलांनी ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’मध्ये गोल-बाण काढून घोकलेलं तेच ‘फायनाइट ऑटोमेटन’. परीक्षेनंतर याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना इथे एक उत्तर आहे. कचरा उचलताना रनटाइम हा तक्ता बघतो आणि वापरात येणाऱ्या रस्त्यांवरूनच चालतो. उरलेलं सगळं कचरा.

फायदा असा की तेच काम कमी मेमरीत भागतं आणि गोदाम भरायला वेळ लागल्यामुळे उचलायची वेळही कमी वेळा येते. पण हे फुकट मिळत नाही. प्रत्येक फेरीत तक्ता बघत चालावं लागतं, त्यामुळे एक फेरी पूर्वीपेक्षा जड पडू शकते. २०१६ मध्ये याच गटानं ही पद्धत आळशी मूल्यमापनाच्या भाषांपर्यंत नेली, म्हणजे जिथे लागेपर्यंत हिशेबच केला जात नाही अशा भाषांपर्यंत. तिथे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण न केलेला हिशेबसुद्धा पोत्यासारखी जागा अडवून बसतो.

मग सगळीकडे हे का वापरत नाहीत?

कारण इथे चूक महागात पडते. मेलेला तुकडा ठेवला तर थोडी जागा वाया जाते. जिवंत तुकडा मेलेला समजून उचलला तर त्याच जागी दुसऱ्याचा माल येतो आणि जुनी पावती आता भलत्याच पोत्याकडे बोट दाखवते. बऱ्याचदा प्रोग्रॅम बंदही पडत नाही, शांतपणे चुकीचं उत्तर देतो. बंद पडणारा प्रोग्रॅम परवडला.

शिवाय नेमकं काय वापरलं जाणार, हे शंभर टक्के आधी सांगणारी पद्धत अस्तित्वातच असू शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच अशा भाकितांची मर्यादा सिद्ध केली होती. त्यामुळे कंपायलर शंका आली की ठेवतो. प्रोग्रॅममध्ये ‘पाऊस झाला तर बेरीज कर, नाही तर फक्त मोजणी कर’ असं असेल तर पाऊस होणार की नाही हे कंपायलरला कळत नाही. तो दोन्ही गृहीत धरून नोंदी सांभाळतो.

या प्रकारचे बग पकडणं हा वेगळाच खेळ आहे. कचरा कधी उचलला जाईल हे मेमरी किती भरली यावर अवलंबून असतं. त्यामुळे चूक एका संगणकावर दिसते, दुसऱ्यावर नाही, आणि दुरुस्त करणाऱ्यासमोर तर हमखास नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे यंत्रणेचा छळ. प्रत्येक वेळी नवा तुकडा तयार होताना मुद्दाम कचरा उचलायला लावायचं, म्हणजे लपलेली चूक लगेच वर येते. संख्याशास्त्राची मुलं वापरतात ती ‘आर’ भाषा स्कीमच्या प्रभावातून घडली. तिच्यात या सोयीचं नावच ‘जीसीटॉर्चर’ आहे.

दुसरं हत्यार त्याहून साधं. गेल्या वर्षी बरोबर चालणारा कंपायलर आज चुकतोय आणि मधे हजार बदल झालेत, तर मधला बदल घ्यायचा. तिथे चूक दिसली तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही तर नंतरच्या अर्ध्यात. असं अर्धं अर्धं करत दहा फेऱ्यांत हजारातला एक गुन्हेगार बदल सापडतो. मग उरतं ते चूक दाखवणारा प्रोग्रॅम छाटत छाटत पाच-सात ओळींचा करणं. खरं तर अर्धी दुरुस्ती या छाटणीतच होते.

पुण्यापर्यंत आलेली लिस्प

लिस्प आता फक्त प्रयोगशाळेत उरलीय, हा समज पूर्ण खरा नाही. रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेली ‘क्लोजर’ ही लिस्पचीच नवी बोली, आणि पुण्यात वाढलेल्या ‘हेल्पशिफ्ट’सारख्या कंपनीनं आपली यंत्रणा तिच्यावर उभी केली. क्लोजरच्या कंपायलरमध्ये पावती फाडण्याची युक्ती प्रत्यक्षात वापरली जाते. फंक्शनमधल्या एखाद्या नावाचा शेवटचा वापर झाला की कंपायलर ते नाव गुपचूप रिकामं करून टाकतो. नाही तर कोट्यवधी नोंदींच्या यादीचं पहिलं टोक हातात धरून ठेवल्यामुळे अख्खी यादी मेमरीत तुंबते.

याचा त्रासही आहे. बग शोधणारा माणूस डीबगर लावतो आणि ज्या नावात काय आहे ते बघायचं, तेच रिकामं दिसतं. माहिती होती, पण कंपायलरनं ती आधीच सोडून दिली. म्हणून ही सफाई तात्पुरती बंद ठेवण्याचा पर्यायही क्लोजरमध्ये द्यावा लागला. म्हणजे मेमरी वाचवायची तर शोध अवघड आणि शोध सोपा करायचा तर मेमरी जाते.

तुमच्या फोनमध्ये काय चालतं?

अँड्रॉइड ॲप ज्या रनटाइमवर चालतात, त्याचं नाव ‘एआरटी’. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून तो मुख्य झाला. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये ॲप चालू असतानाच कचरा उचलणारी नवी यंत्रणा आली आणि अँड्रॉइड १० मध्ये ताजा माल आधी तपासण्याची सोय तिला जोडली गेली, कारण बहुतेक तुकडे तयार झाल्यावर लगेचच निरुपयोगी होतात. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एका चित्रासाठी साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. कचरा उचलायला ॲप त्याहून जास्त थांबलं की बोटाखालची यादी अडखळते. अँड्रॉइड १२ पासून हा रनटाइम प्ले सिस्टीम अपडेटमधून दुरुस्त होऊ शकतो. म्हणून ‘गुगल प्ले सिस्टीम अपडेट’ असं दिसलं तर ते टाळू नये.

मूळ नियम मात्र इथेही मॅकार्थींचाच आहे. पोहोचता येतं ते ठेवा. बंद केलेल्या स्क्रीनची पावती ॲपच्या एखाद्या कोपऱ्यात राहून गेली, तर त्या स्क्रीनची सगळी चित्रं रॅममध्ये अडकतात. ही चूक ॲप बनवणाऱ्याची असते आणि ती त्यालाच दुरुस्त करावी लागते. ‘रॅम क्लीनर’ म्हणवणारी ॲप त्यातलं काही करत नाहीत. ती दुसरी ॲप बंद पाडतात, जी पुन्हा उघडताना आणखी बॅटरी खातात. ४ जीबी रॅमच्या फोनवर तर ही ॲप नसलेलीच बरी.

करून बघायचं असेल तर

नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असो किंवा लातूरच्या, कंपायलरचा विषय असलेल्या विद्यार्थ्याला हा प्रयोग घरच्या जुन्या लॅपटॉपवर करता येतो. एमआयटी/जीएनयू स्कीम मोफत आहे आणि तिचा सोर्स कोडही खुला आहे. तिच्यात ‘जीसी-फ्लिप’ अशी आज्ञा आहे. ती दिली की यंत्रणा तेव्हाच्या तेव्हा कचरा उचलते आणि मेमरीत किती शब्द मोकळे आहेत ते सांगते.

एक नाव घेऊन त्यात १० लाख आकड्यांची यादी तयार करायची आणि आज्ञा देऊन आकडा लिहून ठेवायचा. ती यादी पुन्हा कधीच वापरायची नाही, असं मनाशी पक्कं ठरवून आज्ञा परत द्यायची. आकडा जवळपास तिथेच राहील, कारण आपण काय ठरवलंय हे यंत्रणेला कळत नाही, कपाटात पावती आहे एवढंच कळतं. आता त्याच नावाला नव्यानं रिकामी यादी द्यायची आणि तिसऱ्यांदा आज्ञा द्यायची. यादीच्या प्रत्येक घराला दोन शब्द लागतात, तेव्हा मोकळ्या जागेचा आकडा या वेळी साधारण २० लाखांनी वर गेलेला दिसेल.